पुन्हा संग्रामच

कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल संघात यंदा कोणती पोरं-पोरी घ्यायची, यावर चाहत्यांचं मत मागवलं होतं. इंद्रजितनं यादी पुढ्यात ओढली, दोन कप चहा ओतला आणि फोनवर धैर्यशीलचा आवाज सुरू केला.

"इंद्या, संग्रामलाच घ्यायचं! दुसरं नाव काढू नकोस."

"त्याला डोक्यानं बॉल मारता येत नाही लेका."

"तुला तरी डोक्यानं काय येतंय?"

इंद्रजित हसला. संग्राम आता पोट सुटलेला प्रशिक्षक होता, पण आवाजाला ते ठाऊक नव्हतं. शेवटच्या आजारपणात धैर्यशीलनं जेवढं बोलून ठेवलं, त्यावरून यंत्रानं घडवलेला हा बोलका आवाज; तेवढंच त्याचं जग. इंद्रजितनं एकदाच खरं सांगितलं होतं. "मग मला जाऊन किती वर्षं झाली?" एवढं विचारून आवाज गप्पच झाला. शेवटी ते बोलणं पुसून टाकावं लागलं. भांडायला दुसरं कुणी उरलंही नव्हतं.

पण आज यादीत ऋजुताचं नाव होतं. धैर्यशील गेला तेव्हा त्याची ही नात तीन महिन्यांची होती.

"एक पोरगी आहे," तो जपून म्हणाला. "डावखुरी. लांबून मारते, आणि चुकली की पंचांवरच ओरडते."

"कुणाची रं?"

"आहे आपल्या पेठेतल्याच एकाची."

"मग यादी काय चाटत बसलायस? घे की तिला!"

"आणि संग्राम?"

"त्याला पुढच्या वर्षी बघू."

अठरा वर्षांत धैर्यशीलनं संग्रामचा हट्ट पहिल्यांदाच सोडला होता. इंद्रजितनं ऋजुताच्या नावापुढे खूण केली आणि दुसरा कपही आपणच प्यायला.