गटाचा नियम

"ती म्हातारी शेवटी घरी पोचते का हो?" गद्रेताईंनी आमच्या वाचकांच्या फेसबुक गटावर विचारलं. ते पुस्तक मीच त्यांना सुचवलं होतं. आमची ओळख तेवढीच.

शेवट फोडायचा नाही, हा गटाचा नियमही माझाच. "थोडा धीर धरा, ताई," असं त्यांना इनबॉक्समध्ये लिहून मी गटावरचा प्रश्न काढून टाकला.

आठवड्याने त्यांच्या मुलीची पोस्ट आली. आई काल गेली. हॉस्पिटलमध्ये तिला दिवसाला चार ओळींपलीकडे वाचणं जमत नव्हतं. पुस्तकातली खूण एकशे बाराव्या पानावरच राहिली.

खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी गद्रेताईंचा इनबॉक्स उघडला. 'थोडा धीर धरा'च्या खाली लिहिलं, "पोचते, ताई. दार उघडंच असतं."