दारातलं गाऱ्हाणं

या मंडळी, सरका पुढे. बुवा हातपाय धुऊन कीर्तनाला उभे राहीपर्यंत एक गोष्ट सांगतो.

गोव्याच्या विमानतळावर, प्रवाशांच्या दारासमोर आप्पांनी पिशवीतून नारळ काढला, तेव्हाच सागरने बापाचा हात धरला.

राजापुराकडच्या वाडीतून भाड्याची जीप आली होती. आईबाप, चुलते, शेजारी धरून नऊ माणसं सोडायला, आणि मधोमध नवा शर्ट घातलेला सागर. कतारला नोकरीला निघालेला.

"आप्पा, इथे नको. घरी घातलंत ना गाऱ्हाणं?"

"घरी घरच्या देवाला घातला. हितला राखणदार येगळा. त्याला कोण सांगणार?"

आप्पांनी डोळे मिटले आणि शेताच्या पल्याड हाक मारावी तसा आवाज लावला.

"बा म्हाराजा! आज हा माजा पोर पयल्यांदा विमानात बसताय!"

"व्हय म्हाराजा!" बाकीच्या आठांनी साथ दिली.

"वाटेत विमान बदलायचा हाय. ह्याला विंग्रजी येत नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"थंय चुकला तर नोकरी गेली! कोण तरी आपला मानूस ह्याला भेटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ट्रॉल्या थांबल्या. मोबाइल वर झाले. कुणीतरी फिसकन हसलं. सागरचे कान तापले. जी भीती त्याने महिनाभर कुणाला कळू दिली नव्हती, ती आप्पांनी चव्हाट्यावर मांडली होती.

"येतो," जमिनीकडे बघत तो पुटपुटला आणि आत शिरला. त्याची आई सखू काचेला कपाळ टेकून उभी राहिली. त्याने वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने आतल्या रांगेत एक चाळिशीची बाई आली. पुढच्या दोघा पोरांना तिने काहीतरी विचारलं. पोरं खदखदून हसली. मग ती सागरकडे वळली.

"मी राही. रत्नागिरीची. कतारला नर्स आहे. बाहेर गाऱ्हाणं चाललं होतं, ऐकलंत का?"

सागरने पासपोर्ट उघडला, मिटला.

"नाही बा. मी काही ऐकलं नाही. असतील कुणाचे तरी गावठी."

बोलून गेला, आणि त्याची मान खाली गेली ती वर येईना.

मंडळी, माझं बाकी सारं विसरलात तरी चालेल, त्या आप्पांना तेवढं ध्यानात ठेवा.

राहीने सागरची बॅग उचलून आपल्या ट्रॉलीवर ठेवली.

"चल, विमान दोघं मिळून बदलू. तू आत शिरल्यावर मी तुझ्या आप्पांना विचारलं होतं, एवढ्या गर्दीत तुमचा पोर ओळखू कसा? म्हणाले, 'नावानं हाक मारू नको बाय, लाजल. गाऱ्हाणा ऐकलास काय, इतकाच इचार. सगळ्या विमानतळानं ऐकलाय. जो ऐकला नाय म्हणेल, तोच माजा सागर.'"