धुऱ्यापर्यंत

त्या कादंबरीत पूर्णविराम नव्हते, कोण बोलतंय तेही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ती रागानं खाटेवर आपटली होती. मग आईसोबत धानाच्या रोवण्याला गेले. चिखलात वाकलेल्या बाया बांधीच्या, पाण्यानं भरलेल्या त्या तुकड्याच्या, एका काठच्या धुऱ्यापासून दुसऱ्या काठच्या धुऱ्यापर्यंत न थांबता बोलत होत्या, आणि कोण बोललं हे मला न बघता कळत होतं. घरी कादंबरी तशीच मोठ्यानं वाचली, तर पहिलं पान पाठच झालं. पंधरा ऑगस्टला शाळेत तेच वाचायचं होतं. आदल्या दिवशी सरांनी त्या पानावर लाल पेनानं पूर्णविराम ठोकले. “कायले बिघडवलं, सर?” “ऐकणाऱ्यांना दम लागतो. असं वाच, नाहीतर रिंकी वाचेल.” “माह्या मायले अख्खी बांधी रोवून लागत नाई दम.” “जास्त बोलू नको.” माईकसमोर मी पुस्तक मिटलं, सरांच्या हातात दिलं, आणि पलीकडचा धुरा येईपर्यंत थांबलेच नाही.