निघायची वेळ

अठराशे नव्वदच्या उन्हाळ्यात इनास अंथरुणाला खिळला. ठाण्याच्या खाडीत चाळीस वर्षं होडी वल्हवलेल्या त्या म्हाताऱ्याला आपलं मरण जवळ आल्याचं उमगलं होतं. पण घरात ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. “पाद्रीबाबांना बोलव, माझे दिवस भरलेत,” म्हटलं की मुलगा उठून अंगणात जाई. सून पेज भरवत म्हणे, “वंगाळ बोलू नका, बाबा. पावसाआधी होडीवर जाल.” शेवटी त्यानं बोलणंच सोडलं. भरल्या घरात तो भिंतीकडे तोंड करून एकटा पडून राही. एका दुपारी त्याच्या होडीवरचा जुना सोबती हिराजी आला. त्यानं इनासचा सुकलेला हात धरला आणि सरळ विचारलं, “कवा निघतोस रे?” इनासचे डोळे भरून आले. “उद्याच्या ओहोटीला. भ्या वाटतंय.” हिराजीनं टोपी खुंटीला अडकवली. “सूनबाई, आमच्या घरी सांग, उद्या ओहोटीनंतरच येतो.”