दस्त्यावरचा डाग

“आधी लायसन्स दाखवा. माझा नवरा म्हणायचा, परक्या जिल्ह्यातल्या माणसाला बंदूक सोडाच, कोंबडीसुद्धा विकू नये.”

व्होंडा कॉम्ब्स दारात आडवी उभी होती. डेल्मर स्कॅग्जने निमूटपणे गाडीचं लायसन्स काढून दिलं. तिने ते चष्म्यावरून दोनदा वाचलं, मग बाजूला सरकली.

केंटकीच्या या डोंगरांत जुनी बंदूक अशीच विकली जाते. लायसन्स बघायचं, हात मिळवायचा, बंदूक द्यायची. कशाला हवी, हे मात्र विचारायचं नाही. ते विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं.

रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या चादरीत ठेवली होती. पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर डेल्मरने तिची चिठ्ठी वाचली होती: हरणाच्या शिकारीची रायफल, दस्त्यावर भाजल्याचा डाग. त्याने तिथूनच फोन लावला होता.

“चिठ्ठी लावून मी घरी पोचतेय तोच तुमचा फोन. एवढी कसली घाई?”

“दुसरं कुणी नेईल म्हणून.”

“दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणारच आहे. घासाघीस करायची असेल तर वेळ घालवू नका.”

“नाही करणार, बाई.”

“सगळे असंच म्हणतात.”

डेल्मरने रायफल उचलली. नळीत डोकावलाही नाही. दस्त्यावरच्या काळ्या डागावरून त्याने अंगठा फिरवला.

“तो डाग कसला ते मला विचारू नका,” व्होंडा म्हणाली. “एस्टिलने आणली तेव्हापासून आहे. कुणाकडून आणली तेही बोलला नाही मेला...”

शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली. नवऱ्याला, एस्टिलला, जाऊन वर्ष होत आलं होतं.

“काडतुसंही मागू नका,” ती म्हणाली. “घर पालथं घातलं, एक सापडलं नाही. आपल्याकडे बंदूक विकणारा पेटीभर काडतुसं शकुनाची म्हणून वर देतो. एस्टिलला विकणाऱ्याने तेवढंही दिलं नाही. कवडीचुंबक असणार कुणीतरी.”

“असेल,” डेल्मर म्हणाला.

तिने कॉफी ओतली आणि समोर बसली. बोलण्यातला तोरा आता उतरला होता.

“तुम्हाला बंदुकीतलं कळतं?”

“चाळीस वर्षं दुरुस्त करतोय.”

“मग एक सांगा. पण खरं सांगा हं.” तिने हात मांडीवर घट्ट धरले. “शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस होता. एस्टिल मागच्या डोंगरावर कुंपणापाशी सापडला. शेरीफ म्हणाले, कुंपण ओलांडताना पाय घसरला आणि बार उडाला. पाद्रीही तेच म्हणाले. सगळे तेच म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.”

डेल्मरही तिच्याकडे बघत नव्हता. त्याची कॉफी तशीच होती.

“तो कामाला होता ती खाण बंद झाल्यापासून तो बोलायचा कमी. त्या सकाळी मात्र पोटभर खाल्लं, माझ्या कपाळाचा मुका घेतला. चौतीस वर्षांत सकाळच्या पारी कधी घेतला नव्हता. तो मेला, की मला टाकून गेला? एवढंच मला कळू द्या. सेफ्टीचा खटका लावलेला असताना ही आपोआप उडू शकते का?”

डेल्मर रायफल घेऊन खिडकीशी गेला. आधी ती रिकामी आहे याची खात्री केली. खटका मागेपुढे केला, दस्ता जमिनीवर आपटला. पुन्हा एकदा. आणि पुन्हा. डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तशी व्होंडा त्याच्याकडे बघत होती.

“ढिला आहे,” तो अखेर म्हणाला. “धक्क्याने सुटतो.”

“नक्की?”

“इतका दगाबाज खटका मी पाहिला नाही. त्यांच्या हातात काहीच नव्हतं, बाई.”

व्होंडाने अ‍ॅप्रन तोंडाला लावला आणि ती ओक्साबोक्शी रडली. “वर्षभर रागावले हो मी त्याच्यावर. कबरीवर एक फूल ठेवलं नाही. आणि तो बिचारा...”

डेल्मरने रायफल पुन्हा चादरीत गुंडाळली.

रडं ओसरलं तशी तिने एकदम मान वर केली. “मग बिघडलेली बंदूक तुम्हाला कशाला हवी? का किंमत पाडायला बोललात?”

डेल्मरने चिठ्ठीत लिहिलेली पुरी किंमत टेबलावर ठेवली. “सुट्या भागांसाठी. अशी बंदूक पुन्हा कुणाच्या हातात जायला नको.”

ती ओशाळली. तिने मक्याच्या भाकरीचे दोन तुकडे कागदात बांधून त्याच्या खिशात कोंबले. “सरळ माणूस आहात. तुमच्यासारख्याकडून त्याने घेतली असती, तर आज माझा एस्टिल या टेबलाशी बसला असता.”

डेल्मरने टोपी घातली आणि तो निघाला. वळणावरून त्याने आरशात पाहिलं, तर ती अंगणातली शेवंती खुडत होती.

घरी त्याने रायफल लोखंडी पकडीत आवळली आणि करवत घेतली. कापण्याआधी त्याने पुन्हा एकदा खटका दाबून पाहिला. खटका पक्का होता. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यात नवी स्प्रिंग त्यानेच बसवली होती, आणि तेव्हाच दस्ता शेजारच्या शेगडीला टेकून भाजला होता. तीन तुकडे झाल्यावर त्याने फळीवरची काडतुसांची पेटी खाली काढली. वीस घरं, एकोणीस काडतुसं. रायफल विकताना ती अख्खी पेटी त्याने शकुनाची म्हणून एस्टिलपुढे सरकवली होती. एस्टिलने त्यातलं एक उचलून खिशात टाकलं होतं. “एकात काय होणार? एवढा नेमबाज आहेस?” डेल्मर हसत म्हणाला होता. एस्टिलही हसला होता. “एकच लागेल.”