मांडीवर मावेल एवढं

हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवायच्या गेमिंग कॉम्प्युटरचे भाग बापलेक मोबाइलवर निवडत होते. वायरमन बापाने काचेचं, ऐसपैस कॅबिनेट पसंत केलं. लेकीने बुटांच्या खोक्याएवढं. “एवढ्याशा डब्यात सगळं तापून मरेल. इथे जागेला काय तोटा?” बापाने विचारलं. “शुक्रवारी बसमध्ये मांडीवर घेता आलं पाहिजे.” शुक्रवारी ती आईकडे जायची. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्या घरातली वस्तू त्या घरात जाणार नाही.” “मग मला तरी कशाला पाठवतोस?” लेक उसळली. “कोर्टात माझी वाटणी झाली, तेव्हा गप्प बसलास. आता डब्यासाठी भांडतोस?” त्याने मोजायचा टेप भिंतीवर भिरकावला. शेवटी स्वतःच उठून तो उचलून आणला. मग छोट्या कॅबिनेटवर बोट ठेवून तो गुरकावला, “आईकडे टीव्हीमागे प्लग आहे?” “आहे,” लेक म्हणाली, “तूच बसवलायस.”