तिसरी फाईट

"कारखान्यात जागा एकच हाये. सकाळी सातला तुमच्यातला एक जण फाटकात दिसला न्हाई, तर मी तिसरा घेतो," मुकादमानं सांगितलं.

कडूबा आणि सिराजोद्दीन लहानपणापासूनचे दोस्त. भांडण नको म्हणून दोघांनी चांदपाशाच्या दुकानातल्या व्हिडिओ गेमवर तीन फायटी लावल्या. जिंकेल तो कामावर जाईल.

एकेक फाईट दोघांनी जिंकली. तिसरीत कडूबाला सिराजची चार लेकरं आठवली आणि त्यानं बटणावरचा हात काढून घेतला. पण सिराजचा पैलवानही जागचा हलेना. वेळ संपली. मशीननं दोघांनाही बाद केलं.

"तू जाय," कडूबा म्हणाला.

"न्हाई, तूच जाय."

सकाळी कडूबा मुद्दाम घरीच बसला. नऊ वाजता पावशेर पेढे घेऊन सिराजच्या लेकरांना द्यायला गेला.



दार सिराजनंच उघडलं.